साडेपाच तास मागे गेलेलं घड्याळ

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव आहे. समजा, तिथल्या एका मुलीला मावसभावाचा जुना लॅपटॉप मिळाला. त्यावर विंडोज १० आहे आणि १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने त्याचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबवलेत. विंडोज ११ हा लॅपटॉप घेत नाही, कारण त्याला लागणारी टीपीएम २.० ची सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर यात नाही. मुलीने यूट्यूब बघून विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट बसवलं. सगळं छान चाललं.

दुसऱ्या दिवशी काहीतरी काम निघालं म्हणून तिने परत विंडोज उघडलं. सकाळचे दहा वाजले होते आणि लॅपटॉपवर साडेचार. तिने वेळ नीट केली. लिनक्स उघडलं, तर नेट जोडेपर्यंत तिथलं घड्याळ साडेपाच तास पुढे! घरच्यांचा निकाल ठरलेला असतो: ‘कोणी सांगितले होते नको ते उद्योग? बिघडवलास ना चांगला लॅपटॉप!’

लॅपटॉप बिघडलेला नाही आणि तिचं काही चुकलेलंही नाही. फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे, सव्वापाचचा नाही की सहाचा नाही, यातच उत्तर दडलंय. लिनक्सवर नव्याने येणाऱ्याला ज्या अडचणी छळतात, त्यातल्या बहुतेकांना अशी एक जन्मतारीख असते. कोणीतरी, कधीतरी, कुठेतरी एक निर्णय घेतलेला असतो आणि त्याचा काटा चाळीस वर्षांनी आपल्या पायात मोडतो. ती जन्मतारीख कळली की खापर फोडायला डोकं शोधण्याची गरज उरत नाही. दुरुस्ती कुठे करायची ते दिसायला लागतं.

एका घरात दोन रिवाज

कॉम्प्युटर बंद असतानाही त्याच्या पोटात एक छोटं घड्याळ बॅटरीवर टिकटिकत असतं. आयबीएमच्या पीसी घराण्यात हे घड्याळ १९८४ च्या ‘पीसी-एटी’ या यंत्राबरोबर रुळलं. त्याआधी डॉस सुरू झालं की दर वेळी तारीख आणि वेळ विचारायचं. टेबलावरचं एकट्या माणसाचं यंत्र, त्यामुळे डॉसने या घड्याळात भिंतीवरच्या घड्याळाचीच वेळ लिहायची पद्धत ठेवली. विंडोजने ती तशीच पुढे चालवली.

युनिक्स घराण्याचा रिवाज वेगळा होता. तिथे एका यंत्रावर अनेक लोक काम करायचे आणि यंत्रं एकमेकांशी बोलायची. मग वेळ कोणत्या गावाची धरायची? त्यांनी ठरवलं की आत जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, ठेवायची आणि दाखवताना ज्या त्या देशाप्रमाणे बदलून दाखवायची. युनिक्सचं काळमोजणीचं शून्य आहे १ जानेवारी १९७० ची यूटीसी मध्यरात्र. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. बॅटरी पार मेलेला फोन कधी कधी १९७० साल दाखवतो, ते याच शून्यामुळे.

लिनक्स युनिक्सच्या रिवाजाने वाढलं. सकाळी दहा वाजता त्याने आतल्या घड्याळात यूटीसीप्रमाणे साडेचार लिहिले. विंडोजने ते जसेच्या तसे वाचले. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. उपाय एका ओळीचा आहे. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही कमांड इंग्रजीत टाइप केली की लिनक्स त्या लॅपटॉपपुरतं स्थानिक वेळ पाळायला लागतं. पुढे विंडोज काढून टाकलं तर १ च्या जागी ० लिहून जुना रिवाज परत आणता येतो.

याच संसारातली दुसरी कुरबुर म्हणजे लिनक्समधून विंडोजची डी ड्राइव्ह उघडते, पण तिच्यात काही लिहिता येत नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. तेव्हापासून ‘शटडाउन’ केलं तरी विंडोज पूर्ण झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवतं. अर्धवट जाग्या माणसाच्या कपाटात हात घालू नये, म्हणून लिनक्स त्या ड्राइव्हला नुसतं वाचायची परवानगी देतं. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद केलं की प्रश्न संपला.

कागद अडकलेला प्रिंटर

आता जरा मागे जाऊ. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीने एक नवा लेझर प्रिंटर दिला. हो, तीच कंपनी, जिच्या नावावरून आपण प्रत्येक छायाप्रतीला ‘झेरॉक्स’ म्हणतो. प्रिंटर वेगवान होता, पण त्यात कागद अडकायचा. प्रिंटर एका मजल्यावर, माणसं दुसऱ्या. तासाभराने खाली जाऊन बघावं, तर आपला कागद आलेलाच नाही.

तिथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरसाठी एक सोपा उपाय केला होता. कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्या सगळ्यांच्या पडद्यावर निरोप यायचा आणि कोणीतरी उठून तो काढायचं. नव्या प्रिंटरला तोच उपाय लावता येईना, कारण त्याच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, मिळालाच नव्हता. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे तो होता. स्टॉलमननी मागितला, तर त्याने नकार दिला. तो कोणाला देणार नाही असं त्याने कंपनीला लिहून दिलं होतं.

अडचण क्षुल्लक होती. ती सोडवता येणारा माणूसही समोर होता. अडवलं ते कुलपाने. स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ज्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, त्याच्या मुळाशी असे अनुभव होते. वापरणाऱ्याला प्रोग्राम उघडून बघता, दुरुस्त करता आणि वाटता आला पाहिजे, ही त्यामागची भूमिका. पुढे २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतल्या लिनस टॉरवल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं जाहीर केलं. त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, १९९२ मध्ये ग्नूच्याच परवान्याखाली आला आणि दोन्ही प्रवाह एकत्र झाले. तुम्ही ज्या अँड्रॉइड फोनवर हे वाचताय, त्याच्या तळाशीही लिनक्सचाच कर्नल आहे.

पण कागद अडकलेला प्रिंटर आपला पिच्छा सोडत नाही. तालुक्याच्या गावातल्या झेरॉक्स सेंटरमध्ये किंवा सेतू केंद्रात डोकावलं तर कॅननचा एलबीपी २९०० हा छोटा लेझर प्रिंटर हमखास दिसतो. दणकट, स्वस्तात चालणारा. लिनक्सला जोडला की मात्र तो गप्प बसतो. बरेच प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल अशा सर्वांना ठाऊक असलेल्या भाषा समजतात. हा कंपनीच्या खासगी ‘कॅप्ट’ भाषेत बोलतो. लोकांनी ती भाषा बाहेरून ऐकून ऐकून उलगडली आणि स्वतःचे ड्रायव्हर लिहिले, तरी ते बसवणं नवशिक्याला जड जातं. म्हणून जुना प्रिंटर विकत घेताना किंमत विचारण्याआधी तो कोणती भाषा बोलतो हे विचारावं. नवे नेटवर्क प्रिंटर बहुधा वेगळ्या ड्रायव्हरशिवायच चालतात.

सीडी, मोडेम आणि चार अक्षरं

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमच्या मार्फत, आणि तेही आधी मोठ्या शहरांत. पुढे ५६ केबीपीएसचे मोडेम आले. तो वेग पूर्ण मिळाला असता, तरी ६५० एमबीची एक सीडी उतरवायला २५ तासांहून जास्त वेळ लागला असता. फोनचं बिल वेगळं. त्यामुळे लिनक्स आपल्याकडे तारेतून नाही, मासिकाच्या पोटातून आलं. ‘पीसी क्वेस्ट’ या इंग्रजी मासिकाने १९९६ मध्ये अंकासोबत लिनक्सची सीडी दिली आणि मग ती वर्षावर्षाची रीत झाली. या उपक्रमामागचं ठळक नाव अतुल चिटणीस यांचं. जन्म बर्लिनचा, वाढले बेळगावात, काम केलं बंगळुरूत. २०१३ मध्ये ते गेले, तोवर देशभरच्या विद्यार्थ्यांच्या एका पिढीने पहिलं लिनक्स त्या सीड्यांवरून बसवलं होतं.

बसवणं म्हणजे परीक्षाच होती. मॉनिटरची वारंवारता हाताने लिहावी लागायची आणि चुकीचा आकडा लिहिल्यास मॉनिटर बिघडू शकतो, असा इशारा सूचनांमध्ये असायचा. मोडेमची वेगळीच गंमत. स्वस्त पडावा म्हणून काही मोडेममधला अर्धा मेंदू काढून त्याचं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर टाकलेलं असायचं. यांना ‘विनमोडेम’ म्हणत. लिनक्सवर ते चालायचे नाहीत. पोरगं रात्रभर केबल काढून घालत बसायचं आणि खरी खोट कारखान्यातच ठरलेली असायची.

त्या काळातली सगळ्यात शिकवणारी अडचण मात्र कॉम्प्युटर सुरू होतानाची होती. लिनक्सला जागं करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं नाव होतं ‘लिलो’. सुरू होताना तो आपल्या नावाची चार इंग्रजी अक्षरं, एल, आय, एल आणि ओ, एकेक करून पडद्यावर उमटवायचा. प्रत्येक अक्षर म्हणजे एक पायरी पार पडल्याची पावती. नुसतं ‘एल’ दिसून यंत्र थांबलं, तर पहिला टप्पा सुरू झाला पण दुसरा डिस्कवरून उचलता आला नाही. ‘एल आय’वर थांबलं, तर दुसरा टप्पा हाती आला पण चालवता आला नाही. चारही अक्षरं आली म्हणजे सगळं ठीक.

बघणाऱ्याला वाटायचं, यंत्र अर्धवट बोबडं बोलतंय. खरं तर ते आपण नेमके कुठे पडलो हे सांगत होतं. लिलोची जागा पुढे ‘ग्रब’ने घेतली. आज विंडोज पुन्हा बसवल्यावर लिनक्सचा मेनू गायब होतो किंवा काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ असं उमटतं, तेव्हाही घडलेलं तसंच असतं. तुमच्या फाइली बहुतेक वेळा जिथल्या तिथे असतात, फक्त दारावरची पाटी हरवलेली असते. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करायचं, ग्रब पुन्हा बसवायचं. घाबरून सगळी डिस्क पुसून टाकणं हाच त्यातला खरा धोका.

तुटलेल्या मराठीचे चार प्रकार

१९९१ साली आणखी दोन गोष्टी घडल्या. भारतीय मानक संस्थेने भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक पक्कं केलं आणि ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरी होती आणि अक्षरांची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतलेली होती. म्हणजे लिनक्स आणि युनिकोडमधली देवनागरी एकाच वर्षीच्या. तरीही दोघांची नीट गाठ पडायला दहा-बारा वर्षं लागली.

अडचण अक्षरांची नव्हती, जोडण्याची होती. ‘कि’ लिहिताना आपण आधी क म्हणतो, मग वेलांटी. युनिकोडही त्याच क्रमाने साठवतं. पण दाखवताना वेलांटी क च्या आधी काढावी लागते. ‘क्ष’, ‘त्र’, रफार यांचं तसंच. हे काम करणारा प्रोग्राम नसेल, तर मजकूर बरोबर असूनही पडद्यावर विस्कटतो. लिनक्सवर हे काम ‘पँगो’ या प्रोग्रामने अंगावर घेतलं आणि २००२ च्या ग्नोम २.० बरोबर तो घरोघरी पोहोचला. इकडे २००० च्या आसपास मुंबईचे वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी ‘इंडलिनक्स’ हा प्रकल्प सुरू करून भारतीय भाषांतल्या लिनक्सचं काम हाती घेतलं. २००४ मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ नावाचे फॉन्ट सर्वांसाठी खुले केले. लोहित म्हणजे लाल. ते फॉन्ट पुरवले होते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने. डीटीपीच्या दुकानांत गाजलेलं ‘श्री-लिपी’ याच कंपनीचं.

हा इतिहास हाताशी ठेवला, तर लिनक्सवर बिघडलेली मराठी बघूनच आजार ओळखता येतो. प्रकार चार आहेत.

पहिला: अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन. याचा अर्थ मजकूर ठीक आहे, पण ती अक्षरं असलेला फॉन्ट यंत्रात नाही. लोहित, मुक्ता किंवा नोटो यापैकी एखादा देवनागरी फॉन्ट बसवा. कधी कधी चौकोन एकच असतो, ‘ॲप’ किंवा ‘ॲड’ या शब्दांच्या सुरुवातीला. कारण ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती एप्रिल २००८ च्या ५.१ आवृत्तीत. हिंदीला या अक्षराची फारशी गरज पडत नाही, आपल्याला रोज पडते. त्याआधीच्या फॉन्टला ते अक्षर माहीतच नाही.

दुसरा: मात्रा भलतीकडे पडलेल्या, मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ. फॉन्ट आहे, जोडणारा प्रोग्राम जुना किंवा गैरहजर आहे. तो विशिष्ट प्रोग्राम अपडेट करा किंवा तोच मजकूर दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून बघा.

तिसरा: मराठीच्या जागी अर्थहीन पण साधी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. ही फाइल युनिकोडच्या आधीच्या जमान्यातली. त्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी चित्र बसवलेलं असायचं. आत साठवलेलं इंग्रजीच, वर फॉन्टचा मुखवटा. तो फॉन्ट नसेल तर मुखवटा गळून पडतो. लग्नपत्रिकांपासून संस्थांच्या अहवालांपर्यंत वीस वर्षांची मराठी अशा फाइलींत अडकून पडली आहे. नवा फॉन्ट बसवून उपयोग नाही, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

चौथा: डोक्यावर टोप्या आणि शेपट्या लावलेली परदेशी अक्षरं, तीच तीच पुन्हा येणारी. इथे मजकूर युनिकोडच आहे, पण यूटीएफ-८ पद्धतीने साठवलेला. ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. वाचणाऱ्या प्रोग्रामला हे कळलं नाही, की एका चिन्हाची तीन भलती अक्षरं होतात. फाइल उघडताना एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ निवडा.

आणि एक खास मराठी दुखणं: ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ बोलावलं तर गुरुजी येतील, ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर स्वयंपाकी. हा अर्धा र लिहायचा तर इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून ‘ऱ’ काढायचा, मग हलन्त, मग य. इन्स्क्रिप्टचं मानक १९८६ चं आहे आणि लिनक्समध्ये तो कळफलक तयारच असतो. सेटिंग्जमध्ये जाऊन फक्त निवडावा लागतो.

हे सगळं डेस्कटॉपपुरतं राहिलं नाही. पँगोतला आणि क्यूट या दुसऱ्या प्रणालीतला जोडकाम करणारा भाग पुढे ‘हार्फबझ’ नावाने एकत्र आला. आज फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस आणि अँड्रॉइड तोच वापरतात. साधारण पंधरा वर्षांपूर्वीच्या अँड्रॉइड फोनवर मराठी म्हणजे चौकोनांची रांग असायची. लोक ऑपेरा मिनीच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांची चित्रं मागवून मराठी वाचायचे. आज त्याच हातांतल्या फोनवर ‘दऱ्या’ नीट दिसतात, याचं मोठं श्रेय लिनक्सवरच्या विस्कटलेल्या वेलांट्या दुरुस्त करत बसलेल्या लोकांना जातं.

वाजवून बघणं

मडकं घेताना आपण ते बोटाने वाजवून बघतो. आवाज बदलला की तडा कळतो, फोडून बघावं लागत नाही. लिनक्सवरची दुरुस्ती अशीच करायची असते. काही नेहमीच्या तक्रारी वाजवून बघू.

टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, ठिपकेही नाहीत. कीबोर्ड मेलेला नाही. युनिक्स वाढलं तेव्हा पडद्याऐवजी कागदावर छापणारी टेलिटाइप यंत्रं होती. पासवर्ड दिसला असता तर तो कागदावर कायमचा छापला गेला असता. ती सवय आजही टिकून आहे. निर्धास्त टाइप करा आणि एंटर दाबा.

काही इन्स्टॉल करायला गेलं की ‘लॉक मिळत नाही’ असा निरोप येतो. तलाठ्याकडे एकच नोंदवही असेल, तर दोघांना एकाच वेळी तिच्यात लिहिता येत नाही. बहुतेक वेळा यंत्र मागच्या मागे स्वतःचं अपडेट करत असतं. दहा मिनिटं थांबा. लॉकची फाइलच उडवून टाकायचा सल्ला कोणी दिला, तर दुर्लक्ष करा. नोंदवही अर्धवट राहिली की खरं दुखणं सुरू होतं.

‘परवानगी नाही’ असं आलं की नवशिका सगळ्या कमांडींपुढे ‘सुडो’ लावत सुटतो. सुडो म्हणजे घरातल्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा. आधी प्रश्न हा विचारायचा, की माझ्याच घरातली फाइल उघडायला मला जुडगा का लागतोय? बऱ्याचदा कालच सुडो लावून बनवलेली ती फाइल असते आणि तिची मालकी तुमच्याकडे राहिलेली नसते.

वायफाय दिसत नाही, ही अजूनही मोठी तक्रार. वायफायच्या चिपला लागणारं फर्मवेअर कंपन्या खुलं करत नाहीत, म्हणून डेबियनसारखी तत्त्वाला चिकटून राहणारी प्रणाली ते सोबत देत नसे. गंमत अशी की ते उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ते हवं. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून धोरण बदललं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतं. तरीही अडलंच, तर फोन यूएसबी केबलने जोडा आणि ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्सला बहुधा लगेच नेट मिळतं आणि हवं ते फर्मवेअर उतरवता येतं.

या सगळ्यांत रीत एकच आहे. निरोप पूर्ण वाचायचा, फक्त शेवटची ओळ नाही. काल चालत होतं आणि आज नाही, तर मधे काय बदललं ते आठवायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पेनड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये तीच गोष्ट चालते का ते बघायचं. तिथेही चालत नसेल तर दोष बहुधा हार्डवेअरमध्ये किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये, तिथे चालली तर तुमच्या सेटिंगमध्ये. आणि कोणतीही कमांड, मग ती व्हिडिओतली असो की एआयने दिलेली, चालवण्याआधी तिचा अर्थ बघायचा. त्यासाठी ‘मॅन’ ही कमांड आहे. युनिक्सची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाली, तेव्हापासून हे मदतीचं पान यंत्राबरोबरच असतं आणि त्याला नेटही लागत नाही.

मराठीत विचारलेला प्रश्न

महाराष्ट्रात २००१ मध्ये एमकेसीएल उभं राहिलं आणि एमएस-सीआयटी गावोगावी पोहोचलं. लाखो लोकांनी माउस पहिल्यांदा तिथे धरला. त्या वर्गांतला पडदा विंडोजचा होता, त्यामुळे आपल्याकडे कॉम्प्युटर म्हणजे विंडोज हे समीकरण पक्कं झालं. केरळने सरकारी शाळांत लिनक्स नेलं. तिथल्या मुलाला लिनक्सची अडचण आली, तर शेजारच्या बाकावर कोणीतरी असतं. आपल्याकडे गावात एकटाच लिनक्सवाला असतो आणि जे काही बिघडेल त्याचं खापर त्याच्यावर फुटतं.

ही उणीव काही जणांनी ओळखली. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प उभा राहिला. छोटे छोटे ध्वनिचित्र पाठ, बघता बघता स्वतः करत जायचे आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येणारे. लिनक्सचे पाठही त्यांत आहेत. एकदा उतरवले की नेटशिवाय चालतात, त्यामुळे जिथे रेंज येते-जाते तिथेही उपयोगी पडतात.

लिनक्सने सगळं सुटत नाही, हेही खरं. काही परीक्षांची सॉफ्टवेअरं, डिजिटल सहीची काही साधनं, हिशेबाचे काही प्रोग्राम आजही फक्त विंडोज मागतात. फार जुन्या ३२-बिट यंत्रांसाठी तर डेबियननेही ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून इन्स्टॉलर देणं थांबवलंय. पण आठ-दहा वर्षांचा ६४-बिट लॅपटॉप भंगारात जाण्याच्या लायकीचा नसतो. चार जीबी मेमरीवरही हलका डेस्कटॉप चालतो, प्रोग्रामिंग शिकता येतं, प्रकल्प लिहिता येतो. नव्या यंत्रासाठी तीस-चाळीस हजार नसलेल्या घरात हा फरक शिकण्या-न शिकण्याचा असतो.

आता लिनक्सची एखादी अडचण मराठीत शोधून बघा. इंग्रजीत त्या प्रश्नाची शेकडो उत्तरं आहेत, मराठीत अगदी थोडी. म्हणून अडचण सुटली की चार ओळी मराठीत लिहून ठेवा: निरोप काय आला, आधी काय बदललं होतं, काय केल्यावर सुटलं, कोणतं लिनक्स आणि कोणती आवृत्ती. घड्याळ साडेपाच तास मागे का जातं, हे इंग्रजी पानावर वाचताना फरक तासांत नीट सांगितलेला नसतो, कारण प्रत्येक देशाचा फरक वेगळा. ‘साडेपाच’ हा आकडा आपण लिहायचा आहे.